पायाचा गुण

माय, तुला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. तेव्हा रडायचं तेवढं रडली, पण नंतर तुझ्याशी मी मनातही कधी बोलली नाही. आता लिहायला बसली ती आठवण दाटून आली म्हणून नाही. माझा डावा पाय बधिर होऊन राहिला, म्हणून. मला तिसरीतून तूच काढलं होतं, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर बोल मला लावू नको. नातीची अर्धी कोरी वही आहे, पेनही तिचाच. काल सून चूल पेटवता पेटवता विचारते, "आत्याबाई, कोणाले लिवून राह्यल्या?" मी म्हटलं, "तुह्या आजेसासूले." ती चूल फुंकत राहिली. मनात म्हणाली असेल, बुढीचं पायातलं आता डोक्यात चढलं.

सुरुवात पोळ्यानंतर झाली. वडनेर भोलजीला एका मयतीला गेली होती. परत येताना फाट्यावर उतरली, घरापर्यंत पायी आली आणि ओट्यावर बसली. सून पाणी घेऊन आली आणि म्हणते, एक चप्पल कुठं सोडली? पाहिलं तर डावा पाय उघडा. चप्पल कधी निसटली, कुठं निसटली, पायाला पत्ता नाही. रस्ताभर मुरूम, काटे, वरून ऊन. तळव्यात बाभळीचे दोन काटे मोडून बसले होते. मी सुई घेऊन ते कोरून काढले, रक्त आलं, आणि सुई टोचलेली मला कळली नाही. सून हसली. तिनं हसायलाच पाहिजे होतं, दिसायला ते हसण्यासारखंच होतं. पण एका पायात चप्पल घालून घरी आलेली बाई मी आधी एकदा पाहिली होती, आणि त्या दिवशी हसणारी मी होती.

पंधरा दिवस मी कोणाला बोलली नाही. तेल चोळलं, शेक घेतला. मग पिंडरीवर बिब्बा घालून घेतला. कातडं जळलं, वास आला, चटका काही लागला नाही. त्या वासानं सून धावत आली आणि मग माझं काही चाललं नाही. तिनं मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं मोठ्या मशीनमधले फोटो काढायला लावले, ते उजेडापुढं धरले आणि सांगितलं, की कंबरेच्या मणक्यातली गादी सरकली आहे, तिनं पायाकडं जाणारी नस दाबून धरली. कापाकापी आत्ता नको, म्हणाला. सहा आठवडे व्यायाम, पथ्य, गोळ्या, मग पाहू. आणि आतल्या खोलीत पाठवलं, फिजिओथेरपीवाल्या पोरीकडं. माझ्या नातीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बोलणं रेडिओतल्यासारखं, पण हात चांगले, गरम.

त्या पोरीनं मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, मागून दोन्ही अंगठे माझ्या कंबरेच्या हाडांवर ठेवले आणि म्हणते, "आजी, तुमची डावी बाजू वर चढलीय. एकाच पायावर भार देऊन उभं राहायची सवय आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "साठ वर्षांची."

"कशामुळे?"

"दुसऱ्या पायानं लाथा मारते."

तिला वाटलं बुढी चेष्टा करते. मग मी तिला सांगितलं, की मी पायाळू. बाकीची लेकरं डोक्याकडून येतात, मी पायाकडून आली. असं लेकरू जन्माला आलं, की त्याच्या पायाला गुण असतो. कोणाची कंबर धरली, उसण भरली, चमक निघाली, की तो माणूस शनिवारी उपाशीपोटी येतो, आमच्या उंबऱ्यावर पालथा पडतो, आणि मी उजव्या पायावर उभी राहून डावा पाय त्याच्या कंबरेवर तीनदा देते. तिसरा जोरात. बोलायचं नाही, मागं वळून पाहायचं नाही, माणूस उठून चालायला लागतो. एवढं ऐकून पोरगी हसली नाही, हे मला खटकलं. हसली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. ती लिहिता लिहिता थांबली आणि माझ्या डाव्या पायाकडं पाहत राहिली. मी म्हटलं, आता तूच एक झटका दे आणि हाड जागेवर बसवून टाक. ती म्हणाली, हाड कुठं सरकलेलंच नाही. एका बाजूचे स्नायू आखडले, दुसऱ्या बाजूचे सैल पडले, म्हणून कंबर तिरकी बसते. झटक्यानं ती सरळ होत नसते, रोज थोडं थोडं करावं लागते. झटका हा शब्द तिनं सहज टाकून दिला. माझी सगळी इज्जत त्या झटक्यावर उभी आहे, हे तिला काय माहीत.

तेव्हापासून रोज सकाळी मी सतरंजीवर उताणी पडते. गुडघे उभे करून बूड वर उचलायचं, दहा आकडे धरून ठेवायचं, हळू सोडायचं. मग एक गुडघा छातीशी, मग दुसरा. झोपताना दोन गुडघ्यांत उशी. खाली उकिडवं बसायचं नाही, वाकून झाडायचं नाही, घागर उचलायची नाही. पण पडूनही राहायचं नाही, रोज गल्लीच्या टोकापर्यंत दोन चकरा मारायच्या. आकडे सून मोजते, भाकरी थापता थापता. सातवर तव्यावरची भाकरी करपते, ती उलथायला जाते, आणि परत येऊन विचारते, "कितीवर होतो वो आपण?" मी बूड वर धरून तशीच. माय, तू असती तर पोट धरून हसली असती. चौथ्या आठवड्यात एका सकाळी अंगठ्याला फरशी गार लागली. मी कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. पण दिवसभर तो अंगठा फरशीवर टेकवून पाहत होती.

पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. पहिल्याच दिवशी निघताना त्या पोरीनं मला परत खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "आजी, पाय बधिर आहे तोवर आपण घरी व्यायाम करू. पण पाटावर बसल्यावर जी जागा पाटाला टेकते, तीच जागा बधिर झाली, किंवा लघवी अडली, किंवा नकळत व्हायला लागली, किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. त्याच तासाला निघायचं. आम्ही पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवतो. वेळेवर गेलं तर पुष्कळ वाचतं." सून मान हलवून राहिली होती. मी खुर्चीचा दांडा धरला. कारण माय, ती पोरगी माझं पुढचं सांगून राहिली होती, आणि मला तुझं मागचं ऐकू येत होतं.

तू म्हणायचीस, मी तीन दिवस अडकली होती. सुईण थकून ओट्यावर येऊन बसली होती आणि आजीनं मातीची तयारी करायला सांगितलं होतं. मग आधी माझा डावा पाय आला. तू वाचली, पण तुझी कंबर त्या दिवसापासून तिरपी झाली ती झालीच. लुगड्याचा काठ एका बाजूनं जमिनीला लागायचा, दुसऱ्या बाजूनं घोट्याच्या वर. पाण्याला गेली, की बाया तुझी चाल करून दाखवायच्या. घरी येऊन तू हंडा उतरवायचीस आणि मला म्हणायचीस, "डोक्याकून आली असती तं माही कंबर सरळ असती." रागानं नाही म्हणायचीस. चुलीत काडी सरकवावी तसं म्हणायचीस, रोज. भाकरी थापताना, निंदताना, माझी वेणी घालताना. मी वीस वर्षं ऐकलं.

आणि त्याच पायांचा तुला गर्वही होता. पाच वर्षांची असेन, तेव्हापासून तू मला उंबऱ्यावर उभी केली. आपल्याला ज्यांच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती, ते गावचे पाटील एका शनिवारी आपल्या उंबऱ्यावर पालथे पडले होते, पागोटं बाजूला काढून. मी त्यांच्या कंबरेवर पाय दिला. तू दाराआड पदर तोंडात धरून उभी होतीस. त्या आठवड्यात तू मला जळगाव जामोदच्या बाजारातून चप्पल आणली, माझ्या आयुष्यातली पहिली. तू स्वतः अनवाणी होतीस, आणि मला म्हणालीस, "हे पाय काही तुह्या एकटीचे नाईत." आभाळ कडाडायला लागलं, की मला ओढून माजघरात नेऊन बसवायचीस. पायाळू माणसावर वीज पडते, म्हणून. सातपुड्याकडून काळं यायचं, कौलांच्या फटीतून उजेड लखलखायचा, आणि तू माझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन त्यांच्यावर पदर टाकायचीस. "वरून ईज पाहून राह्यली," म्हणायचीस. मला अजून तो तुझ्या मांडीचा उबारा आठवते. आता या पायात कंबरेपासून टाचेपर्यंत चमक जाते ना, तेव्हा मला वाटते, ती वरून कधी येणारच नव्हती. तू उगाच पदर टाकत होतीस.

माझं लग्न झालं. जुनी चप्पल मी माहेरी ठेवून गेली, ती तू घालायला लागलीस. पाचव्या दिवाळीला मी पोराला कडेवर घेऊन आली होती. हाच पोरगा, सुनेचा नवरा. कापसाची वेचणी चालू होती. संध्याकाळी तू वावरातून आलीस, डोक्यावर कापसाचं हे एवढं गाठोडं, आणि एका पायात चप्पल. मी हसली. "माय, दुसरी चप्पल कोणाले दान केली?" म्हटलं. तू खाली पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही. आता आरशात पाहिलं, की वाचता येते.

दोन दिवस तू पाय ओढत फिरलीस. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. बाबा वावरात गेले होते, पोरगा झोपला होता. तू उंबऱ्यावर गोधडी टाकलीस आणि पालथी पडलीस. मी दाण्याचं सूप घेऊन तशीच उभी राहिली. मायबापाला पाय लावायचा नसतो, हे तूच मला शिकवलं होतं. गावाची कंबर माझ्या पायाखाली दिलीस, आणि स्वतःची वीस वर्षं तिरपी ठेवलीस, कारण पोटच्या पोरीचा पाय घेतला तर मला पाप लागेल. मी म्हटलं, मायले पाय लावू काय मी? तू गोधडीत तोंड घालून म्हणालीस, "वीस वर्सं मांगतला नाई. आता मांगून राह्यली. लाव." आणि मग अजून एक बोललीस. तुझा आवाज बारीक होता, पण मी ऐकलं. "बसल्या जाग्याले गोधडी लागत नाई मले. सकायपासून लघवीबी नाई झाली."

मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, माय. आपल्या घरात कोणालाच माहीत नव्हता. पायानं सगळं जाते, एवढंच माहीत होतं. मी पहिल्यांदा पाय टेकवला, नुसता फुलासारखा. तू म्हणालीस, लागत नाही. दुसऱ्यांदा दाबला. तू म्हणालीस, "लागत नाई म्हन्ते न. पायात जीव नाई काय तुह्या? जनमताना तं लय जोर होता." मग मी तिसऱ्यांदा दिला. उंबऱ्याला धरलेला तुझा हात तेवढा सुटला. मी उठवायला गेली, तर दुसरा पायही येत नव्हता.

सकाळी गोधडी ओली होती, आणि तुला ओली झाल्याचं कळलं नव्हतं. बाबांना मी पाय दिल्याचं सांगितलं. ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "वावरात घसरून पडली म्हनून सांगजो. पायाचं कोणाले बोलू नको." हाडवैद्य आला, अंगात येणारा आला, लिंबू उतरवून टाकले. तू आठ महिने अंथरुणावर काढलेस. पाठीला जखमा झाल्या. त्या तुला दुखत नव्हत्या, हे सगळ्यात वाईट होतं. मी माशा हाकायची आणि तू वर पाहत राहायचीस. एकदाही मला बोल लावला नाहीस. डोक्याकून आली असती, हेसुद्धा म्हणणं तू बंद केलंस. ते बंद केलं नसतंस तर मला सोपं गेलं असतं.

घसरण्याची गोष्ट कोणी मानली नाही. बाया तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण मला ऐकू जाईल असं बोलल्या, की मायला पाय लावला, त्याचं पाप फळलं. मीही तेच मानलं. पंचेचाळीस वर्षं मी पापच समजून चालली. सोमवार केले, नाक घासलं. आता ही पोरगी मला सांगते, की ती जागा बधिर झाली, की त्याच तासाला निघायचं. पाप परवडते, माय. पापाला देव असतो, त्याच्यापुढं नाक तरी घासता येते. पण दीड कोसावरच्या फाट्यावरून सकाळी जळगाव जामोदची एसटी जायची. आपल्याकडं बैलगाडी होती. त्या एसटीपुढं मी काय घासू?

दुसऱ्या खेपेला मी त्या पोरीला आडून विचारलं. म्हटलं, समज एखादीला असं आधीच झालं असलं, आणि कोणी तिच्या कंबरेवर जोरात पाय दिला, तर? तिनं उलट विचारलं, "असं कुणाला झालंय का, आजी?" मी म्हटलं, नाही, असंच विचारलं. तर ती म्हणते, आधीच किती दबलं होतं त्यावर आहे, सांगता येत नाही. पण पाय देऊ नये. एवढंच बोलली. सांगता येत नाही, हे ती माझ्यावर दया करून म्हणाली की खरंच सांगता येत नाही, हे मी घरी येईपर्यंत उलटून पालटून पाहत होती. अजून कळलं नाही.

आणि तू विचारशील, की मग त्यानंतर तू थांबली काय? नाही थांबली. तुझी तेरवी झाली, मी सासरी आली, आणि त्याच शनिवारी एक जण उंबऱ्यावर येऊन पालथा पडला. नाही म्हटलं असतं, तर काऊन नाही, हे सांगावं लागलं असतं. पाय दिला. मग देतच राहिली. त्यांतला कोणी परत आला नाही, तर मी म्हणायची, गुण आला असेल. परत न येण्याचं दुसरंही कारण असू शकते, हे मी मनात येऊ दिलं नाही. आता रात्रंदिवस पालथ्या पाठीच दिसतात. तोंडं आठवत नाहीत, मी कधी पाहिलीच नाहीत.

मागच्या शनिवारचीच गोष्ट. आमच्याकडं गाद्या करणारा एक पिंजारी आहे, पन्नाशीचा. मी ज्या गादीवर झोपते, ती त्यानंच भरली. सकाळी कंबरेवर हात ठेवून आला. "मावशी, गाठोडं उचलताना चमक भरली, जरा पाय देऊन टाका," म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत उंबऱ्यावर पालथा. मी खुर्चीवरून उठली नाही. विचारलं, पायाला मुंग्या येतात काय? तो म्हणे येतात थोड्या. बसल्या जागी चटई लागते काय? लघवी बरोबर होते काय? त्यानं मान वर केली.

"हे काय विचारून राह्यल्या मावशी? पाय द्या न."

"नाही देत. उठ. तालुक्याले जा, तिथं पोरगी आहे, ती दाखवते कसं करायचं ते."

"काऊन? आमच्याच बारीले पाय दुखते काय तुमचा?"

सून दारात होती. मोटारसायकल लावून पोरगाही आत येत होता. मी म्हटलं, "माह्या मायची कंबर मी याच पायानं मोडली. तिले चटई लागत नव्हती, तिनं मले सांगितलं होतं, आन् तरी मी पाय देला. म्हनून विचारून राह्यली." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि तेही एका पालथ्या माणसापुढं. पोरगा चावी हातात धरून तसाच उभा. पिंजारी उठला, कपडे झटकले. त्याला माझं खरं वाटलं नाही, की त्याला भीती वाटली, कोण जाणे. म्हणाला, "मावशी, तुमचा गुण गेला म्हना सरळ. उंद्रीकडं एक बाई हाय पायाळू, तिच्याकडं जातो." आणि गेला. मी तीन दिवस त्याच्या घराकडून कोणी येते काय, म्हणून दाराशी बसून राहिली. वाईट बातमीचीच वाट पाहत होती, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी त्याची बायको दिसली. म्हणे, एकदम बरं वाटलं, काय गुण आहे त्या बाईच्या पायाला. पोरीला विचारलं तर म्हणते, साधी चमक असते, ती काही दिवसांत आपोआपच जाते, पुष्कळांची. म्हणजे माझ्या पायानं साठ वर्षं जे बरं केलं, ते बरं होणारच होतं. माझ्या पायाचं म्हणून जे आहे, ते तेवढं एक. तू.

हे इथपर्यंत पाच दिवसांत लिहिलं. शेवट काय करावा हे कळत नव्हतं, म्हणून वही ठेवून दिली होती. आज पुन्हा शनिवार. सकाळी सून आकडे मोजायला आली. मी सतरंजीवर बसली, आणि बसून राहिली. सतरंजीला एक जाड गाठ आहे, ती रोज बुडाखाली येते, मी रोज तिला शिव्या देते. आज उजव्या बाजूनं लागली. डाव्या बाजूनं नाही. मी सरकून पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं. सून म्हणाली, आत्याबाई, पडा न, माझा तवा तापला. एक क्षण मी पडणारच होती. दहा आकडे झाले असते, भाकरी झाली असती, उद्यावर गेलं असतं. तुझंही असंच दोन दिवस उद्यावर गेलं होतं. मी म्हटलं, "बाई, तवा उतरव. मले बसल्या जाग्याले सतरंजी लागत नाई." तिचे हात पिठाचे होते. ते तिनं पुसलेही नाहीत. फोन लावला, पोराला म्हणाली गाडी आण, लवकर आण, आणि आता माझं लुगडं पिशवीत भरून राहिली. तेवढ्यात हे लिहिते. डावं पाऊल उचलून पाहिलं. उचललं, पण दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

आता एक राहिलं. लोक म्हणाले पाप, पोरगी म्हणते सांगता येत नाही, आणि पिंजाऱ्यापुढं मी जे बोलली तेही अर्धंच बोलली. तो तिसरा पाय गुणाचा नव्हता, माय. तू जनमतानाचा जोर काढलास, आणि मी वीस वर्षांचं सगळं टाचेत आणून तुझ्या कंबरेवर दिलं. मला राग आला होता. पाय खाली येत असताना मला माहीत होतं, की मला राग आला आहे. बस एवढंच.

दारात हॉर्न वाजला. वही मी सतरंजीखाली ठेवून जाते, त्या गाठीच्या डाव्या बाजूला. परत आली आणि बसल्यावर टोचली, तर फाडून चुलीत घालीन. नाही टोचली, तर राहू दे तिथंच.